हा आवाज डिझेलचा की दुखण्याचा?

जुनी गाडी घ्यायची म्हटलं की सल्ले फुकट मिळतात. जुनी डिझेल घ्यायची म्हटलं की सहानुभूतीही मिळते. "आता कोण डिझेल घेतं?", "नोझल गेलं की बसशील रडत", "पेट्रोल घे, डोक्याला ताप नाही." यातलं काहीच खोटं नाही. तरीही मी डिझेलच घेतली, कारण माझं रनिंग भरपूर आहे आणि जवळपास सगळं मोकळ्या रस्त्यावरचं आहे. एकदा इंजिन गरम झालं की तासभर तरी बंद होत नाही, असं रोजचं जाणं-येणं. डिझेलला नेमकं हेच मानवतं. दहा मिनिटं फिरून परत दाराशी उभी राहणारी गाडी हवी असती तर मीही मुकाट्याने पेट्रोलच घेतली असती.

बजेट छोटं होतं. तेवढ्या पैशात पेट्रोलमध्ये थकलेल्या गाड्या मिळत होत्या आणि डिझेलमध्ये त्यांच्यापेक्षा चार-दोन वर्षं तरुण. डिझेलचा भाव का पडलाय हे वेगळं सांगायला नको. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनने उत्सर्जन चाचणीत फसवणूक करणारं सॉफ्टवेअर वापरल्याचं उघड झालं आणि डिझेलच्या अब्रूला जो धक्का बसला तो कायमचा. युरोपात तेव्हा नव्या गाड्यांपैकी निम्म्याच्या आसपास डिझेल असायच्या, तो वाटा नंतर घसरतच गेला. छोट्या गाड्यांमधून तर कंपन्यांनी डिझेल इंजिनं हळूहळू काढूनच टाकली. धूर साफ करणारी यंत्रणा छोट्या गाडीच्या किमतीत बसवायची कशी, हा प्रश्न सुटेना. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवलेलं आहे. हे माहीत असूनही घेतली का? हो, घेतली. निदान धूर न मारणारी बघून घ्यायची, एवढं ठरवलं होतं.

गाडी कुठली यापेक्षा इंजिन कुठलं, हे मी आधी बघत होतो. शेवटी जी घेतली तिच्या बॉनेटखाली १२४८ सीसीचं फियाटचं मल्टिजेट आहे. २००३ मध्ये आलेलं हे इंजिन फियाटसोबत ओपेल, सुझुकी, टाटा, एवढंच काय फोर्डच्याही छोट्या गाडीत बसलं. त्याचा एक साधा फायदा असा की ते न उघडलेला मेकॅनिक शोधावा लागतो. पार्ट मिळतात आणि टायमिंगला, म्हणजे झडपा वेळेवर उघडायला, पट्टा नसून चेन आहे. चेन म्हणजे अमर नव्हे. ऑइल वेळच्या वेळी बदललेलं असेल तरच ती टिकते, आणि जुन्या गाडीत नेमकं तेच कळायला मार्ग नसतो.

मालकाला फोनवरच सांगून ठेवलं होतं, "काका, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." जुनी डिझेल बघायला जाताना एवढी एकच अट घातली तरी पुरे. गरम इंजिन सगळं लपवतं. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. काका हसले, "तुमच्या आधी दोघं येऊन गेले, कोणी हात लावून बघितलं नव्हतं."

चावी फिरवली की डॅशबोर्डवर वेटोळ्या तारेचा पिवळा दिवा लागतो. तो हीटर प्लगचा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सतरा-अठरा पट दाबली जाते, दाबाने ती तापते (सायकलच्या पंपाचं बूड हवा भरताना गरम होतं ना, तेच), आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून सुटलेला डिझेलचा फवारा आपसूक पेटतो. गार इंजिनाचं लोखंड ती उष्णता शोषून घेतं, म्हणून आधी हीटर प्लग लाल करून घ्यायचे. दिवा विझला, सेल्फ मारला, दोन-तीन फेऱ्यांत गाडी लागली. लांबलचक सेल्फ खाऊन, झटके देत लागणारी डिझेल म्हणजे हीटर प्लग, नोझल किंवा कॉम्प्रेशन (हवेवरचा तो दाब) यांपैकी काहीतरी गेलेलं. ही तशी नव्हती.

पण आवाज! पेट्रोलची सवय असलेल्या कानाला तो आवाज म्हणजे सरळ बिघाड वाटतो. टक-टक-टक, पत्र्यावर खिळे पडल्यागत. मागे जाऊन सायलेन्सरशी बसलो. सुरुवातीला करड्या धुराचा एक भपका, मग काही नाही. काकांना म्हटलं, "जरा रेस द्या." काळसर रेघ आली नि गेली. एक जुना पांढरा कागद सायलेन्सरच्या तोंडासमोर धरला. त्यावर कोरडी काजळी बसली, बोटाने झटकली तर उडाली. ती तेलकट असती, चिकटून पसरली असती तर मी तिथूनच परत फिरलो असतो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) आत शिरतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. हे तीन रंग ओळखता आले तर अर्धी परीक्षा तिथेच होते.

मग चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण सैल केलं. तिथून थोडी वाफ येणारच. भकाभका धूर यायला लागला, झाकण उडायला लागलं, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात असं समजायचं. झाकण जागच्या जागी थरथरत राहिलं. डिपस्टिक काढली तर ऑइल काळंकुट्ट. पेट्रोल गाडीत मी यावर नाक मुरडलं असतं, पण डिझेलमध्ये नवं ऑइलही थोड्याच चालवण्यात काजळीने काळं होतं. त्यामुळे रंग बघून काही कळत नाही, पातळी बघायची.

रनिंग १,४०,००० च्या पुढे दाखवत होतं. मीटर मागे फिरवलाय का हे मीटरला विचारून कळत नाही. क्लचच्या पायपट्टीचं रबर एका कडेला झिजलेलं, स्टिअरिंग वरच्या बाजूला गुळगुळीत, चालकाच्या सीटची उजवी कड दबलेली. सगळं आकड्याशी जुळत होतं. आणि काकांनी एक वही काढली. प्रत्येक वेळी भरलेलं डिझेल, किलोमीटर, तारीख. मध्येच लाल पेनाने 'ऑइल + फिल्टर'. दोन लाल नोंदींत कुठेही दहा हजारांच्या वर अंतर नव्हतं. मी तोंड शक्य तितकं कोरं ठेवलं, कारण भाव अजून ठरायचा होता.

दुसऱ्या फेरीला ओळखीचा मेकॅनिक सोबत नेला. त्याच्याजवळ स्कॅनर होता. आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, कुठल्या सिलेंडरला संगणक किती डिझेल जास्त-कमी सोडतोय, ते त्यावर दिसतं. चारही आकडे शून्याच्या आसपास असले की नोझल बरी आहेत. एखादा एकटाच लांब पळत असेल तर ते नोझल आजारी. आपले चारही शिस्तीत होते. एका हीटर प्लगचा बिघाडाचा जुना कोड पडलेला होता, त्यावरून थोडे पैसे कमी करता आले. जुन्या डिझेलसाठी स्कॅनरवाला सोबत नेणं ही चैन नव्हे. गाडी स्वस्त मिळते, पार्ट स्वस्त मिळत नाहीत. नोझल, पंप, टर्बो, यांच्या किमती गाडी नवी होती तेव्हाच्याच हिशेबाने चालतात.

गाडी धुरासाठीच्या युरो ४ मानकाची, आणि तिच्या सायलेन्सरमध्ये काजळीचा फिल्टर नाही. पुढच्या, युरो ५ मानकात काजळीची मर्यादा किलोमीटरला ०.०२५ ग्रॅमवरून ०.००५ वर आली आणि तो फिल्टर जवळपास अटळ झाला. हवेसाठी ते चांगलंच आहे. पण जुनी गाडी घेणाऱ्याने ध्यानात ठेवावं की तो फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, आणि त्यासाठी लांब, गरम, सलग चालवणं लागतं. आधीच्या मालकाने फक्त जवळच्या फेऱ्या मारल्या असतील तर चोंदलेला फिल्टर आपल्या गळ्यात. कागदपत्रं, चासी नंबर ताडून बघणं, नावावर करणं, विमा, यात काही सांगण्यासारखं घडलं नाही. वेळ गेला इतकंच.

गाडी ताब्यात घेऊन निघालो आणि पहिल्याच सिग्नलला कळलं की पायाला नवं वळण लावावं लागणार. हिरवा लागला, क्लच सोडला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला, गाडी निघाली, पण कशी तर नाइलाजाने. मी आणखी दाबला. क्षणभर काहीच नाही, आणि मग एकदम मागून कोणी ढकलल्यासारखी पुढे झेपावली. टर्बोचा लॅग म्हणतात तो हा. टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्याचं पातं सायलेन्सरकडे जाणाऱ्या गॅसवर फिरतं, मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, पण इंजिनाचे फेरे कमी असताना त्याला पुरेसा गॅसच मिळत नाही. साधारण अठराशे ते तीन हजार फेऱ्यांमधली ही गाडी वेगळी, त्याच्या खालची वेगळी. वर चार हजारांकडे ओढण्यात अर्थ नाही, तिथे नुसता आवाज वाढतो.

म्हणजे गिअर बदलायची वेळ बदलली. पेट्रोलला मी ओढून ओढून गिअर टाकायचो, इथे लवकर वर जायचं, पण फार लवकरही नाही. गतिरोधकावरून जाताना थर्डमध्ये रेंगाळली की ती धुसफुसते, सेकंडला घेतलं की गप्प. मोकळ्या रस्त्यावर पाचव्यात पडली की फेरे दोन-अडीच हजारांच्या दरम्यान, आणि पुढे ट्रक आला तर गिअर न उतरवता, नुसता पाय देऊन ओव्हरटेक होतो. एवढ्याशा गाडीत हा जोर येतो कुठून, असं पहिल्यांदा वाटतंच. पेट्रोलच्या छोट्या गाडीत अशा वेळी गिअर उतरवून इंजिनाला किंचाळायला लावावं लागायचं.

गाडी दारात आली आणि खरा उद्योग सुरू झाला तो आवाज निवडायचा. जुन्या गाडीत आवाज असतात, डिझेलमध्ये असतात, जुन्या डिझेलमध्ये तर मेळाच भरतो. यातला कुठला जातीचा आणि कुठला दुखण्याचा, हे ठरल्याशिवाय खर्च कुठे करायचा ते ठरत नाही.

गार असतानाची टकटक पहिली. तिचं कारण समजलं आणि मनातली भीती गेली. फवारा आत गेल्यावर डिझेल लगेच पेट घेत नाही, थोडा वेळ जातो. इंजिन गार असेल तर तो वेळ वाढतो, तेवढ्यात आणखी डिझेल साचतं आणि मग सगळं एकदम भडकतं. तो ठोका आपण ऐकतो. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या एकाच नळीत, हजार बारच्या वर जाणाऱ्या दाबाने डिझेल तयार असतं आणि नोझल विजेवर उघडतं, त्यामुळे मुख्य फवाऱ्याआधी एक चिमूटभर फवारा सोडता येतो. तो आधी जळून जागा तापवतो आणि मुख्य ठोका मऊ पडतो. कॉमन रेलची ही पद्धत प्रवासी गाडीत पहिल्यांदा १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मध्ये आली, त्याआधीची डिझेल याहून कितीतरी मोठ्याने बोलायची. माझी टकटक तापमानाच्या काट्याने जागा सोडल्यावर निम्मी होते. ती जातीची. (काटा वर यायला मात्र फार वेळ घेते. उभ्या उभ्या गरम करण्यात अर्थ नाही, हळू चालवत गरम करायची.)

दुसरा प्रकार आवाजापेक्षा थरथरीचा. सिग्नलला उभं राहिलं की स्टिअरिंग, आरसा, आणि एसी लावला तर माझे दातही. "डिझेल आहे, चालायचंच," असं सगळे म्हणाले. मला पटेना, कारण काकांची वही इतकी नेटकी असताना गाडी इतकी का थरथरावी? मेकॅनिकला दाखवली. त्याने बॉनेट उघडून मला आत बसवलं. हातब्रेक ओढलेला, पहिला गिअर, "आता क्लच हळूच सोडा, बंद पडू देऊ नका. आता रिव्हर्स." इंजिन पुढे-मागे असं झुललं की बघणाऱ्याने मागे सरावं.

"दादा, हे डिझेलमुळे?"

"नाही साहेब. डिझेल बोलतं. हे हलतंय. फाउंडेशन बसलंय."

इंजिन ज्यावर टेकतं त्या रबरी फाउंडेशनचं रबर फाटून लोखंडाला लोखंड टेकलं होतं. काढलेला पार्ट त्याने हातात दिला. मधली चीर इतकी रुंद होती की तिच्यात अंगठ्याचं नख आरपार गेलं. नवीन बसवल्यावर सिग्नलला आरसा स्थिर. थोडी गुणगुण पायाखाली उरली, ती राहू दे. 'डिझेल आहे, चालायचंच' या वाक्याखाली किती झिजलेले पार्ट वर्षानुवर्षं खपून जात असतील कोण जाणे.

तिसरा आवाज साठच्या पुढे, मागून, घुमल्यासारखा. हा मागच्या चाकाच्या बेअरिंगचा असू शकतो आणि टायरचाही. बेअरिंग बदलायला सांगण्याआधी चाकं पुढे-मागे अदलून बघितली. आवाजही पुढे आला. म्हणजे टायर. मग टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण दोन टायर बाकीच्या दोघांहून पाच वर्षांनी म्हातारे निघाले. हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीचे दाते. ते दोन काढले, शांतता झाली. इंजिनापासून सगळ्यात लांबचा हा आवाज होता आणि त्यालाही लोक 'डिझेल' म्हणून मोकळे झाले होते.

पहिली सर्व्हिस मी वहीवर न विसंबता करून घेतली. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साचतं, त्याचा खालचा स्क्रू सैल केला तर आधी गढूळ पाणी आणि मग डिझेल आलं. हा फिल्टर मी कधीच लांबवणार नाही. डिझेलचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो, पाणी त्याचा शत्रू. त्याच कारणाने टाकीत चुकून पेट्रोल पडलं तर गाडी सुरूच करायची नसते. झाकणाच्या आत मोठ्या अक्षरांत 'डिझेल' अशी चिठ्ठी काकांनी चिकटवलेली आहे, ती मी तशीच ठेवली. भरताना फेस येतो, नळी पहिल्यांदा थांबली म्हणजे टाकी भरली असं नसतं. फेस बसू द्यायचा, मग उरलेलं. नळीला लागलेल्या हाताचा वास मात्र पेट्रोलसारखा उडून जात नाही, साबणानेही लगेच नाही.

अ‍ॅव्हरेज टाकी ते टाकी काढलं. डॅशबोर्डवरचा आकडा लिटरमागे दोन किलोमीटरने आशावादी आहे. खरा आला तो २०.४, एसी बहुतेक वेळ चालू, रस्ता बहुतेक मोकळा. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीने याच रस्त्यावर साडेचौदा-पंधरा दिले होते. एक लिटर डिझेलमध्ये मुळात पेट्रोलपेक्षा दहा-पंधरा टक्के ऊर्जा जास्त असते, त्यामुळे सगळं श्रेय इंजिनाला देऊ नये, आणि लिटरमागे कार्बन डायऑक्साइडही जास्तच निघतो: डिझेलचा २.६८ किलो, पेट्रोलचा २.३१. तरी किलोमीटरचा हिशेब केला तर डिझेल पुढे राहतं. काजळीचा हिशेब केला तर नाही.

आता एकच काम उरलंय, क्लचचं. पायपट्टी बरीच वर आल्यावर तो पकडतो, म्हणजे प्लेट झिजत आलीय. चढावर पाचव्यात पूर्ण पाय देऊन बघितलं, फेरे वाढले आणि वेग नाही असं अजून होत नाही. मेकॅनिकचं म्हणणं, घसरायला लागेपर्यंत चालवा. गिअरबॉक्स एकदा खाली उतरला की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकदमच बदलायची, कारण मजुरी उतरवण्याची असते, पार्टची नाही. तोवर चढावरच्या सिग्नलला हाफ क्लचवर गाडी धरायची नाही, हातब्रेक ओढायचा.